चित्रकाराची लेक

कोल्हापूर आम्हां निपाणीकरांस परके नाही. तेथे १८६७ साली जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांचे नाव चित्रकलेच्या तासाला विद्यार्थ्यांच्या कानी पडते. त्यांच्या कन्येचे मात्र पडत नाही. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेऊन १९३१ साली पदविका मिळविली, प्रदर्शनांत चित्रे मांडली आणि १९४४ साली वडील निवर्तल्यावर त्यांचा चित्रसंग्रह जिवापाड जपला. या पितृभक्तीचे कौतुक पुष्कळ झाले. पण बाई स्वतः काय रंगवीत होत्या, हे विचारणारे थोडे! हा न्याय आम्हांस पटत नाही.

त्याच काळातील दुसऱ्या चित्रकर्त्री अँजेला त्रिंदाद. त्यांचे घराणे गोमंतकातले. आमची मायबोली कोकणी, तेव्हा त्यांचा अभिमान आम्हांस अंमळ अधिक वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. ख्रिस्ताची माता त्यांनी भारतीय वेषात रंगविली. परंतु त्यांचेही वडील चित्रकार आणि जे. जे. मध्येच शिक्षक. दोन्ही घरी रंगपेटी आधीच होती!

आमच्या वर्गात तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या, विड्या वळणाऱ्या आयांच्या मुली बसतात. त्यांना रंगपेटी मिळाली तर ती शाळेतच मिळणार. आणि परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला देऊन मोकळे होणारे आम्हीच! यंदा तो आम्ही परत मागून घेतला आहे. गणिताचे गुरुजी रागावले आहेत, रागावोत बापडे.