बंद दुकानाचा वार

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याला वसलेलं. सोयरीक आणि बाजार खानदेशाशी, अंमल मात्र निजामाचा. त्यामुळे स्वातंत्र्याआधी इथल्या सरकारी कचेऱ्या शुक्रवारी बंद असत, तर पलीकडे इंग्रजी मुलखातल्या शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे रविवारी. एक भाऊ अलीकडे नोकरीला, दुसरा पलीकडे, तर दोघांची सुट्टी एका वारी येतच नसे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि पुढे इकडेही रविवार रुळला.

हा रविवार फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० रोजी तो पदरात पाडून घेतला. दुकानांची पाळी १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने आली. तो जिथे लागू झाला, तिथे आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणं मालकालाही बंधनकारक होतं. खेड्यापाड्यांत कायद्यापेक्षा रिवाज मोठा. आठवडी बाजाराचा दिवस कमाईचा, म्हणून बंदचा वार तो सोडून.

त्या दिवशी घरातल्या बाईची परीक्षा असे. चहापत्ती, गोडेतेल, काडेपेटी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायची. तरी पाहुणे टपकले की पोर वाटी घेऊन शेजारी पळायचं. पुढे दुकान आणि मागे घर असलेल्या वाण्याची सुट्टी तर अर्धीच. पुढच्या आकडे घातलेल्या लाकडी फळ्या लागलेल्या असत, पण मागच्या दारी हाक यायचीच, ‘‘काकू, पावशेर साखर द्या ना!’’ काकू साखर पुड्यात बांधून देत, पैसे उद्या.

पण काका घरी असत, हे महत्त्वाचं. गल्ल्यावर उभ्याउभ्या जेवणारा माणूस त्या दिवशी पाटावर बसून जेवे, मुलांच्या वह्या बघे, वेताळवाडीच्या किल्ल्यावर पोरांना घेऊन जाई. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा ज्या घरी टीव्ही, तिथे अख्खी आळी जमे. वाणी आणि गिऱ्हाईक एकाच सतरंजीवर.

डिसेंबर २०१७ पासून राज्यात नवा कायदा आला आणि दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. कामगाराची साप्ताहिक सुट्टी त्यात शाबूत आहे, पण कायद्यातल्या बहुतेक तरतुदी आता वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. नवरा-बायको आणि एखादा पोरगा मिळून चालवलेल्या किराणा दुकानाला सुट्टी कोण देणार? शेजारचं दुकान उघडं असताना आपलंच बंद ठेवायला कोणी धजत नाही, कारण तुटलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. म्हणून हा निर्णय एकट्याने नव्हे, सगळ्या पेठेने मिळून घ्यायला हवा. तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून वार ठरवायला आजही कुठल्या कायद्याची आडकाठी नाही. औषधाचं दुकान तेवढं उघडं ठेवावं.