‘सर्व्हर डाउन आहे’ हे उत्तर नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात शिकलेल्या माणसाला एक वाक्य पाठ असतं: ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ हॉल तिकीट निघत नाही? सर्व्हर डाउन. एटीकेटीचा फॉर्म भरला, खात्यातून पैसे गेले, पावती आली नाही? सर्व्हर डाउन. तीन तास घाम गाळून पेपर लिहिला आणि निकालात त्या विषयापुढे ‘गैरहजर’ आलं? त्यालाही हेच उत्तर. पाऊस पडतो तसा हा सर्व्हर पडतो. कुणी पाडत नाही, कुणी उचलत नाही, कुणाला विचारायची सोय नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि पाळी आली की रात्री-अपरात्री सर्व्हरही सांभाळतो. त्या धंद्यातल्या माणसाला हे वाक्य ऐकून चीड येते, कारण सर्व्हर का पडतो हे त्याला माहीत असतं. किती लोक एकाच वेळी येतील याचा हिशेब कुणी केलेला नसतो, केला असेल तर त्याप्रमाणे क्षमता घेतलेली नसते, घेतली असेल तर आधी चाचणी केलेली नसते. निकाल कधी लागणार हे विद्यापीठाला आपल्या आधी माहीत असतं. त्या दिवशी लाखभर पोरं एकदम साइटवर तुटून पडणार, हेही माहीत असतं. तारीख आधी ठाऊक असलेल्या गर्दीला अपघात म्हणता येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या विद्यापीठांकडे संगणक कमी नाहीत, सॉफ्टवेअर कमी नाही, कायदासुद्धा कमी नाही. निर्णय घेणारा आणि त्याचं उत्तर देणारा माणूस कमी आहे. विद्यापीठं माहिती तंत्रज्ञानाला खरेदी समजतात. तो कारभार आहे.

२०१७ साली नेमकं काय झालं

मुंबई विद्यापीठाचा ऑनस्क्रीन मूल्यमापनाचा गोंधळ आठवत असेल. तेव्हा तुम्ही शाळेत असाल तर घरातल्या दादा-ताईला विचारा. उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी त्या संगणकावर तपासायच्या आणि निकाल झटपट लावायचे, असं ठरलं. एकूण ४७७ परीक्षांचे निकाल त्यावर अवलंबून होते. परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राटाचं घोडं अजून वाटेतच होतं. निकाल लांबत गेले. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. जुलैच्या अखेरीस प्राध्यापकांना तपासणीसाठी मोकळं करायचं म्हणून महाविद्यालयांतली शिकवणीच थांबवली गेली. तरीही मुदत हुकली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. उत्तरपत्रिका सापडत नाहीत, पुरवण्यांची अदलाबदल झाली, अशा तक्रारी आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

आता एक हिशेब करू. त्याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करा, आणि कसंही करून ४५ दिवसांत लावाच. १७ लाख उत्तरपत्रिका ४५ दिवसांत म्हणजे रोज जवळपास ३८ हजार, रविवार धरून. एका प्राध्यापकाने दिवसाला ३० तपासल्या असं धरलं, तर रोज साडेबाराशेहून जास्त प्राध्यापक एकही सुट्टी न घेता बसायला हवेत. एका उत्तरपत्रिकेची ३० पानं धरली, तर पाच कोटींहून जास्त पानं स्कॅन करून, योग्य सीट नंबरला जोडून साठवायची. हा हिशेब पाकिटाच्या पाठीवर मावतो. तो मांडल्यावर पहिलाच प्रश्न पडला असता: या वर्षी फक्त एका शाखेची, एका सत्राची परीक्षा अशी करून बघूया का?

तंत्रज्ञान नवं नव्हतं. कर्नाटकातल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला आणि आपल्याकडे नागपूर विद्यापीठाला संगणकावरच्या तपासणीचा अनुभव त्याआधीच होता. शेजारी जाऊन विचारता आलं असतं. घोळ घातला तो सगळं एकदम करण्याच्या हट्टाने. दोन-चार शाखांवर चालवून बघणं नाही, फसलं तर कागदावर परत येण्याची वाट नाही, शिक्षकांना पुरेसा सराव नाही. माझ्या ऑफिसात कुणी म्हणालं की सगळ्या ग्राहकांचा सगळा डेटा पुढच्या आठवड्यात नव्या यंत्रणेवर टाकू, मागे फिरायची सोय ठेवायला नको, तर त्याला चहा पाजून घरी पाठवतील. विद्यापीठात असं म्हणणाऱ्याला कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं काम कुणाचंच नव्हतं.

कायदा आहे, खुर्ची आहे, काम कुठे आहे?

इथे कुणी म्हणेल, मग तसं काम करणारं मंडळ कायद्यातच हवं. ते आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये सिनेट, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद यांच्याच यादीत ‘माहिती तंत्रज्ञान मंडळ’ आहे. विद्यापीठाच्या शैक्षणिक, आर्थिक आणि प्रशासकीय कामात तंत्रज्ञान कसं वापरायचं याची योजना करणं, धोरण ठरवणं, साधनांच्या खरेदीबद्दल आणि देखभालीबद्दल सल्ला देणं, हे त्याचं काम. हा कायदा अमलात आला १ मार्च २०१७ रोजी. म्हणजे ज्या उन्हाळ्यात १७ लाख उत्तरपत्रिकांचा खेळ झाला, त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर तो रोखू शकणारं मंडळ कागदावर जन्माला आलं होतं.

कुलगुरू गेले. शिक्षा झाली, लोकांना बरं वाटलं, बातमी संपली. पण एक माणूस गेल्याने यंत्रणा शिकते असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच विद्यापीठाच्या आयडॉलच्या, म्हणजे दूरशिक्षणाच्या, ऑनलाइन परीक्षेत विद्यार्थ्यांना लॉगिनच होईना. परीक्षा पुढे ढकलावी लागली. विद्यापीठाने सायबर हल्ला झाल्याचं सांगितलं. हल्ला झाला असेल, होतात हल्ले. परीक्षेच्या दिवशी हल्ला होऊ शकतो हे गृहीत धरून पर्यायी व्यवस्था ठेवणं हेच तर नियोजन. बँकेवर रोज हल्ले होतात, म्हणून बँक तुम्हाला ‘पगार पुढच्या आठवड्यात’ असं सांगत नाही.

आमच्या धंद्यात मोठा बिघाड झाला की एक कागद लिहिला जातो. काय झालं, किती वाजता कळलं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून कोण काय करणार. त्यात कुणाला फासावर चढवायचं नसतं, म्हणून लोक खरं लिहितात. विद्यापीठांत बिघाडानंतर चौकशी समिती बसते. तिला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारलेला असतो: दोषी कोण? त्यामुळे प्रत्येक जण फाइल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतो आणि पुढच्या परीक्षेला तोच खड्डा तिथेच असतो.

टेंडर म्हणजे योजना नव्हे

आपल्याकडे निर्णयाचा क्रम उलटा आहे. आधी टेंडर निघतं, मग कंपनी येते, मग तिच्या सॉफ्टवेअरमध्ये जे बसतं तसं काम वळवलं जातं. सगळ्यात कमी दर भरणारा, ज्याला खरेदीच्या भाषेत एल-वन म्हणतात, तो जिंकतो. कमी दर भरणाऱ्याने माणसं कमी लावली तर त्याला दोष काय द्यायचा? तुम्ही दर विचारलात, त्याने दर दिला. दर्जा आणि किंमत दोन्हींना गुण देऊन निवड करण्याची पद्धत सरकारी खरेदीत आहे. पण दर्जाला गुण द्यायचे तर आपल्याला नेमकं काय हवंय हे आधी लिहून काढावं लागतं. तो गृहपाठ करायला घरचा माणूस लागतो.

असा माणूस विद्यापीठात सहसा नसतो. असतो तो कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि प्रोजेक्टरची वायर सैल झाली तरी त्यालाच बोलावतात. ज्याच्याकडे लाखो विद्यार्थ्यांच्या गुणांची चावी आहे, त्याला स्वतःची नोकरी पुढच्या जूनमध्ये आहे की नाही हे माहीत नसतं. मग तो कंपनीला ‘हे चालणार नाही’ असं कोणत्या जोरावर सांगेल?

कंत्राट संपतं तेव्हा खरी गंमत सुरू होते. जुन्या कंपनीकडचा डेटा नव्या कंपनीला कोणत्या स्वरूपात मिळणार हे करारात लिहिलेलं नसेल, तर पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलीला गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढायला हेलपाटे घालावे लागतात. तिच्या हातात ऑफर लेटर असतं, कंपनीने कागदपत्रांना पंधरा दिवस दिलेले असतात. ती डोंबिवलीची असेल तर दोन लोकल बदलून कलिन्याला येते. कणकवलीची असेल तर एका खिडकीसाठी रात्रभर प्रवास करते. यंत्रणेच्या लेखी ती एक प्रलंबित अर्ज असते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप जुन्या प्राध्यापकांचा: कागदच बरा होता. नव्हता. कागदाच्या काळातही गठ्ठे हरवत, बेरजा चुकत, आणि आपली उत्तरपत्रिका बघायला मिळणं हेच दिव्य होतं. संगणकावर तपासलेल्या उत्तरपत्रिकेत बेरीज चुकत नाही, फोटोकॉपी लगेच देता येते, कोणी किती वेळात तपासली याची नोंद राहते. मला तंत्रज्ञान जास्तच हवंय, पण ते माणसांच्या ताब्यात असलेलं.

दुसरा आक्षेप आमच्या पिढीचा: सगळं खासगी कंपनीला देऊन टाका, त्यांना जमतं. काम देता येतं, जबाबदारी देता येत नाही. गुणपत्रिकेवर सही विद्यापीठाची असते. आणि सार्वजनिक संस्थेला घरचं काही जमतच नाही हेही खरं नाही. ‘समर्थ’ ही प्रवेशापासून पगारापर्यंतची कामं करणारी प्रणाली केंद्राच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात तयार झाली आणि देशभरातल्या अनेक संस्था ती वापरतात. अर्थात ‘समर्थ’ आणली म्हणजे प्रश्न सुटला, असंही समजू नका. तीही कुणीतरी चालवावीच लागते, आणि चालवणारा माणूस आपल्याकडे नसेल तर तिचाही सर्व्हर डाउनच होईल.

मग हवंय काय?

माझ्या मागण्या साध्या आहेत. एकालाही रॉकेट सायन्स लागत नाही.

प्रत्येक सेवेला एक नावनिशी जबाबदार अधिकारी हवा: प्रवेश, परीक्षा अर्ज, निकाल, प्रमाणपत्र. त्याचं पद आणि कार्यालयाचा फोन साइटवर दिसला पाहिजे.

प्रत्येक सेवेची मुदत जाहीर हवी आणि ती किती वेळा पाळली गेली याचा आकडा दर महिन्याला लोकांसमोर यायला हवा.

परीक्षेच्या आधी ठरावीक काळ यंत्रणेत कुठलाही मोठा बदल करायचा नाही. नवी गोष्ट आधी एका छोट्या परीक्षेवर चालवायची आणि जुनी वाट मोकळी ठेवायची.

प्रत्येक करारात डेटा विद्यापीठाचा असल्याचं आणि तो कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळणार याचं कलम हवं. २०२३ साली देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा मंजूर झाला आहे. आधार, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सगळं आपण याच पोर्टलवर चढवतो.

आणि जिथे हे निर्णय होतात त्या टेबलावर विद्यार्थी बसलेला हवा. फॉर्मचं कुठलं बटण दाबल्यावर पैसे जातात आणि पावती येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही.

हे सगळं आपण होऊन कुणी देणार नाही. म्हणून एक काम करा. माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. १० रुपये लागतात. त्यात तुमच्या विद्यापीठाला चार प्रश्न विचारा. माहिती तंत्रज्ञान मंडळाचे सदस्य कोण आहेत? गेल्या तीन वर्षांत त्याच्या बैठका किती झाल्या? त्यांची इतिवृत्तं द्या. परीक्षेचं काम करणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराची प्रत द्या. उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस आहेत.

अर्ज पोस्टाने पाठवा. पोर्टलचा सर्व्हर डाउन असू शकतो.