राबणारे वर, हक्क खाली

जुन्नरच्या लेण्यांत एक छोटा शिलालेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद त्यात आहे. दोन हजार वर्षे होत आली, तरी देणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक आहे, ते त्याने कोरून ठेवले म्हणून. टाकी खोदणाऱ्यांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम डोंगराळ भागात आजही पाण्यासाठी राबणारे असेच निनावी आहेत. येथील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पडकई करीत आली. पाचदहा घरे एकत्र येतात, आज एकाचा उतार तर उद्या दुसऱ्याचा, असे पाळीपाळीने बांध घालून भातखाचरे तयार करतात. पाऊस अडतो, माती राहते. जी माती खाचरात राहिली, ती खालच्या धरणात गाळ होऊन बसत नाही. कुकडीवरील माणिकडोह, मीनेवरील वडज व घोडेवरील डिंभे या धरणांची ही राखणच होय. त्या पाण्यावर पुणे, अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांतील शेती भिजते.

डिंभे धरणात ज्यांची जमीन बुडाली, ते आदिवासी स्वस्थ बसले नाहीत. 'शाश्वत' संस्थेच्या साहाय्याने त्यांनी जलाशयातील मासेमारीसाठी सहकारी संस्था उभारली आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसली. 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिक 'शाश्वत'ला मिळाले. गौरव झाला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पारितोषिक म्हणजे हक्क नव्हे.

सिंचन व्यवस्थापनाचा 2005 चा राज्य कायदा पाहावा. पाणीवापर संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रातील जमीनधारक वा कब्जेदार. म्हणजे डोंगरावर पाणी अडविणारा बाहेर आणि खाली कालव्याकाठी मजुरी करणारा भूमिहीनही बाहेर. श्रमास बोलवायचे, मतास नाही. याला सहभाग म्हणणे आम्हांस जड जाते. आपल्या वाडवडिलांनी त्यास वेठ म्हटले असते. हे अटळ आहे असेही नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर पाण्याचा वाटा ठरविला, त्यात भूमिहीनही घेतले आणि उसाला बंदी केली.

डोंगरातील गावांच्या हाती मात्र एक साधन आज आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 5 लगतचे पाणलोट क्षेत्र व जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेस देते, आणि कलम 3 मासळीसह जलाशयातील उत्पन्नावरील सामूहिक हक्क मानते. कागदाचा कंटाळा करू नये. महाडच्या चवदार तळ्याचा दावा 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात निकाली निघाला, तो प्रतिपक्षास अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट शाबीत करता आली नाही म्हणून. सत्याग्रह 1927 चा. त्यामागून दहा वर्षे पुराव्याची लढाई चालली होती.

म्हणून ज्या गावांचे सामूहिक दावे अद्याप दाखल नाहीत, त्यांनी प्रथम वृद्धांची निवेदने लिहून घ्यावीत. नियमांप्रमाणे तो ग्राह्य पुरावा आहे आणि तो देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. झरे, ओढे व बांध नकाशावर दाखवावेत, ग्रामसभेचा ठराव करावा, आणि दावा उपविभागीय समितीकडे देताना पोच घेतल्यावाचून परत येऊ नये.