कुठल्या सालचा कार्लिन?

मागच्या आठवड्यात हापिसात जेवताना वाद झाला. अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून शनिवारची सकाळ त्यावर घालवतोय.

टीममधला एक मित्र म्हणाला, "स्टँड-अपवाल्यांचं काय एवढं? जॉर्ज कार्लिनची इतक्या वर्षांची रेकॉर्डिंग्ज पडलीयेत. मॉडेलला भरवा, रोज एक तास नवा कार्लिन काढून देईल." सगळे हसले. मीही हसलो, आपलं पोट याच धंद्यावर आहे ना! घरी येईपर्यंत मात्र चांगलाच वैतागलो होतो.

अरे बाबा, हा प्रयोग होऊन गेलाय. जानेवारी २०२४ मध्ये 'डुडसी' नावाच्या अमेरिकन पॉडकास्टने कार्लिनच्या नकली आवाजातला तासाभराचा कार्यक्रम यूट्यूबवर टाकला. नाव काय, तर 'आय अ‍ॅम ग्लॅड आय अ‍ॅम डेड'! यंत्राने कार्लिन ऐकून हे रचलं, असा डंका पिटला. वारसांनी कोर्टात खेचल्यावर मात्र त्यांच्याकडून खुलासा आला, की मजकूर माणसानेच लिहिलाय. डेमोत 'सगळं ऑटोमॅटिक' आणि ऑडिटला 'मॅन्युअली केलंय'. ओळखीचं वाटतंय? एप्रिल २०२४ मध्ये समझोता झाला आणि ते प्रकरण मिटलं.

पण समजा, यंत्राने खरंच लिहिलं असतं. तरी माझं भांडण संपत नाही. डेटा कुठल्या सालापर्यंतचा घेणार?

१९६७ पर्यंतचा घ्या. तेव्हाचा कार्लिन कोट-टाय घालून एड सलिव्हनच्या शोमध्ये यायचा, झिंगलेल्या हवामानवाल्याची नक्कल करायचा, उत्तम पैसे कमवायचा. मॉडेल तुम्हाला असले हजार हवामानवाले देईल, एकाहून एक सुबक. दाढी-केस वाढवून, लास व्हेगासच्या पैशावर पाणी सोडून, कॉलेजच्या पोरांसमोर उभा राहणारा माणूस त्या डेटात कुठेच नाही. कारण तो झालेलाच नव्हता. टीव्हीवर न चालणाऱ्या सात शब्दांचा त्याचा तो प्रसिद्ध तुकडा १९७२ चा. त्याच वर्षी मिलवॉकीत तो सादर केल्यावर पोलिसांनी त्याला अटक केली. पुढे असाच एक तुकडा रेडिओवर लागला, तर प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी रेडिओ स्टेशन हरलं.

लोकांना या शिव्याच आठवतात. शिव्या काय, आमच्या रिलीजच्या रात्री याहून सरस ऐकू येतात. मला भारी वाटतं ते वेगळंच. १९७७ ते २००८ मध्ये त्याने एचबीओवर १४ कार्यक्रम केले. एकदा रेकॉर्ड झालं की तो तास मागे टाकायचा आणि पुन्हा कोऱ्या कागदावर बसायचा. चालू असलेला कोड आपण कधी असा फेकतो का? आपण त्यावर आणखी एक थर चढवतो. आणि अगदी खरं सांगायचं, तर त्यालाही हौस होती म्हणून नव्हे. आयकराची थकबाकी कित्येक वर्षं मानेवर होती, त्यामुळे सतत दौरे करणं भाग होतं. मधेमधे हृदयविकाराचे झटके. या सगळ्यातून तो जास्त कडवट आणि जास्त नेमका होत गेला. हे मॉडेलला कुठून आणणार? त्याला ना हप्ते, ना छातीत कळ.

'डेटा भरवा' म्हणणाऱ्यांनी त्याचा शेवटचा कार्यक्रम बघावा. मार्च २००८, वय ७०. जूनमध्ये तो गेला. मेलेले मित्र पत्त्यांच्या वहीतून कधी खोडायचे, यावर त्यात तो बराच वेळ बोलतो. मग मेलेले आईबाप वरून आपल्याकडे बघून हसतायत असं मानणाऱ्यांची यथेच्छ टर उडवतो. आणि यांनी त्यालाच वरून बोलायला लावलं!

सोमवारी मित्राला लिंक पाठवतोय. बघेल असं वाटत नाही, पण वाद घालायला जेवणाची सुट्टी आहेच.