सेंद्रिय रसायन घोकू नका, समजून घ्या!

ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून रसायनांचे कारखाने उभे राहिले. दिघा, रबाळे, तुर्भे येथील वस्त्यांतल्या आमच्या बापभावांनी तेथे पिंपे वाहिली. आज त्यांचीच मुले बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सेंद्रिय रसायनशास्त्र पाहून हबकतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी पुस्तकातल्या अभिक्रिया घोकतो, नापास होतो आणि 'हे आपले काम नव्हे' म्हणून शिक्षण सोडतो. समाजाला हे परवडणारे नाही.

घोकंपट्टी ही पोथीनिष्ठांची रीत, आमची नव्हे. आम्ही वकिली करतो. नुसती कलमे पाठ करून खटला जिंकता येत नाही, कलमामागचे तत्त्व कळावे लागते. येथेही तसेच. कार्बन चार बंध करतो. इलेक्ट्रॉन जेथे अधिक तेथून जेथे कमी तिकडे वळतात. वहीत बाण काढताना एवढे धरले तरी निम्मी भीती जाते.

या शास्त्राची जडणघडणच बुद्धिवादी आहे. सजीवांतील पदार्थ घडायला गूढ 'जीवशक्ती' लागते, असे विद्वान मानत. १८२८ साली व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि त्या समजुतीला तडा गेला.

बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, ते कला आणि विज्ञान दोन्हींसाठी. म्हणून आमचे सांगणे आहे, विहाराची एक खोली रविवारी अभ्यासाला द्या. शिकलेल्यांनी तेथे खडू हाती घ्यावा. पिंपे वाहणाऱ्याच्या लेकीने पिंपातल्या रसायनाचे सूत्र फळ्यावर लिहिले पाहिजे!