मशीद कोलोनची, इमाम अंकाऱ्याचा

ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेले कोलोन हे जर्मनीतील कॅथलिक पंथाचे एक जुने पीठ. १२४८ साली पाया घातलेले तेथील कॅथीड्रल पूर्ण व्हायला १८८० साल उजाडले. त्याचे १५७ मीटर उंचीचे जुळे मनोरे आजही या नगराची ओळख सांगतात. याच कोलोनच्या एहरेनफेल्ड या जुन्या कामगारवस्तीत तुर्की स्थलांतरितांच्या संघटनेने मोठी मध्यवर्ती मशीद उभारण्याचे ठरविले आणि त्यावरून जो वाद पेटला, तो पुढे दहा वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिला. युरोपात अशा वादांना तोटा नाही. तरीही कोलोनचा वाद मुळापासून समजून घेण्याजोगा आहे. कारण तेथे विरोधकांनी पुष्कळ आरडाओरडा केला, समर्थकांनी पुष्कळ प्रवचने झोडली आणि जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, तो बहुतेकांनी सर्वांत शेवटी विचारला.

हे तुर्क कोलोनमध्ये आले कसे? कुणी आक्रमण करून नव्हे, तर निमंत्रणावरून. महायुद्धानंतर कारखाने धडधडू लागले आणि हात कमी पडू लागले, तेव्हा ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. या मंडळींना नाव दिले गेले ‘पाहुणे कामगार’. पाहुण्याने काम करावे, पैसा गाठीला बांधावा आणि परत जावे, अशी यजमानाची अपेक्षा होती. १९७३ साली भरती बंद झाली, पण परत जाण्याऐवजी अनेकांनी बायकामुलांना बोलावून घेतले. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात राबणाऱ्या तुर्काचा मुलगा कोलोनच्याच शाळेत जाऊ लागला. पाहुणा घरचा झाला होता; ते मान्य करायला जर्मन राज्यकर्त्यांना पुढची अनेक वर्षे लागली.

घरचा झालेला माणूस देवासाठी जागा शोधणारच. आरंभीच्या काळातील एक प्रसंग आज कुणाला खरा वाटणार नाही. ३ फेब्रुवारी १९६५ रोजी, रमजान संपला त्या दिवशी, काही शे मुस्लीम कामगारांना चक्क कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये नमाज अदा करण्याची मुभा चर्चने दिली. तेव्हा ना मोर्चे निघाले, ना कुणाची संस्कृती धोक्यात आली. चार दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्याविषयी औदार्य दाखविणे सोपे असते, हा त्याचा एक अर्थ. पुढे मात्र हे लोक गोदामांत, तळघरांत, बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागच्या अंगणांत नमाज पढू लागले. ‘मागच्या अंगणातली मशीद’ असा खास शब्दच जर्मन भाषेत त्यासाठी रूढ झाला. एहरेनफेल्डची जुनी मशीदही अशाच एका पूर्वीच्या औषधकारखान्यात भरत असे. त्या जागी रस्त्यावरून दिसेल, आपली म्हणता येईल अशी वास्तू बांधावी, असे लाखाहून अधिक मुस्लीम वस्तीच्या या शहरातील तुर्कांना वाटले, तर त्यात अस्वाभाविक काहीच नव्हते.

आराखडा केला पाउल ब्योम यांनी. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही जर्मनीतील नामांकित चर्चशिल्पी. काँक्रीटच्या पाकळ्या एकमेकींवर झुकाव्यात तसा घुमट आणि ५५ मीटरचे दोन मिनार, अशी ही कल्पना होती. मिनारांची उंची वर्तमानपत्रांतून जाहीर होताच गदारोळ सुरू झाला. वाहतूक कोंडेल, गाड्या लावायला जागा उरणार नाही, कॅथीड्रलचे आकाश झाकोळेल! गंमत अशी की, याच परिसरात २६६ मीटर उंचीचा दूरसंचार मनोरा कित्येक वर्षे उभा आहे आणि त्याने कुणाचे आकाश झाकोळल्याचे ऐकिवात नाही.

मशिदीच्या प्रश्नाने शहराची नेहमीची राजकीय विभागणी मोडून टाकली. महापौर फ्रित्झ श्राम्मा हे ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे. ते मशिदीच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि त्यांचा स्वतःचा पक्ष त्यांच्या विरोधात गेला. २८ ऑगस्ट २००८ रोजी नगरपरिषदेने आराखडा मंजूर केला, तेव्हा या महापौरांनी स्वपक्षीयांना सोडून मतदान केले. दुसरीकडे, ‘प्रो कोल्न’ नावाच्या अतिउजव्या गटाने मशीदविरोध हाच आपला धंदा केला होता. २० सप्टेंबर २००८ रोजी या गटाने युरोपभरच्या समविचारी मंडळींना जमवून इस्लामीकरणविरोधी परिषद घेण्याचा घाट घातला, तेव्हा हजारो कोलोनवासीयांनी रस्ते अडवून ती होऊ दिली नाही. हा गट २०१८ साली विसर्जित झाला.

परंतु सगळाच विरोध या टोळक्याचा होता, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. कारण विरोध करणाऱ्यांत राल्फ जॉर्डानो होते. ज्यू आईच्या पोटी जन्मलेले, नाझी छळातून वाचलेले, वंशद्वेषाविरुद्ध आयुष्यभर लेखणी झिजवलेले हे वृद्ध लेखक. २००७ साली त्यांनी मशीद बांधू नये, असे जाहीरपणे सांगितले आणि त्याच दमात ‘प्रो कोल्न’लाही झोडपले. इमारत ही एकात्मतेची खूण नसून वेगळे राहण्याची खूण ठरेल, ही त्यांची भीती होती. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ज्या माणसाला नाझी ठरविता येत नाही, त्याचे काय करावे, हा पुरोगामी मंडळींपुढचा पेच होता. त्यांनी तो सोडविला नाही. ते त्या बाजूला पाहिनासे झाले.

जॉर्डानो यांचा निष्कर्ष मात्र पटण्यासारखा नाही आणि तो का पटत नाही, हे हिंदू वाचकाला तरी वेगळे सांगायला नको. कोलोनपासून शंभरएक किलोमीटरवर, त्याच प्रांतात, हाम नावाचे गाव आहे. श्रीलंकेतील यादवी युद्धातून जीव घेऊन आलेल्या तमिळ हिंदूंनी तेथे एका घराच्या तळघरात कामाक्षीची पूजा सुरू केली. उत्सवाला हजारोंची गर्दी होऊ लागली, रथयात्रा निघू लागली, तेव्हा शेजाऱ्यांच्या तक्रारी त्याच होत्या: गोंगाट, गर्दी, गाड्या. अखेर गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली आणि जुलै २००२ मध्ये गोपुरासह भव्य मंदिराचा कुंभाभिषेक झाला. देवीच्या स्नानासाठी गंगा नव्हती. जवळचा कालवा होता, तोच पवित्र मानला गेला. इंग्लंडमध्येही तेच. जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ साली कृष्णभक्तांना दिलेल्या वाड्यात जन्माष्टमीला लोक लोटू लागले, तशी लेचमोर हीथ या चिमुकल्या खेड्याची शांतता भंगल्याची तक्रार झाली आणि स्थानिक परिषदेने सार्वजनिक पूजेवरच बंदी आणू पाहिली. १९९४ मध्ये हजारो हिंदू लंडनच्या रस्त्यावर उतरले. वेगळा रस्ता बांधण्याच्या अटीवर १९९६ साली परवानगी मिळाली. आपल्या गोपुराला जो न्याय मागायचा, तोच दुसऱ्याच्या मिनाराला नाकारायचा, हे तर्काला धरून नाही आणि धर्मालाही धरून नाही.

मग कोलोनमध्ये चुकले कुठे? ही मशीद ज्या ‘दितिब’ संस्थेची, ती १९८४ साली याच शहरात स्थापन झाली आणि तिची नाळ थेट अंकाऱ्यातील धर्मव्यवहार खात्याशी, म्हणजे ‘दियानेत’शी जोडलेली राहिली. तिच्या शेकडो मशिदींतील इमाम तुर्कस्तान सरकार पाठवीत असे आणि त्यांचा पगारही तेच सरकार देत असे. बहुतेकांना जर्मन भाषा येत नसे. काही वर्षे राहून ते परत जात आणि नवे येत. म्हणजे ज्या वास्तूला एकात्मतेचे प्रतीक म्हणून गौरविले जात होते, तिच्या व्यासपीठावर बोलणारा माणूस परक्या राज्याचा पगारी सेवक होता! हामच्या देवीचा पुजारी कोलंबोच्या सरकारी पगारपत्रकावर नव्हता. दोन वास्तूंतला खरा भेद तो, उंचीचा नव्हे.

हे काही गुपित नव्हते. फेब्रुवारी २००८ मध्ये तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान रेसेप तय्यिप एर्दोगान यांनी कोलोनच्याच एका भव्य सभागृहात तेथील तुर्कांपुढे भाषण केले. स्वतःची ओळख पुसून विलीन होण्याची सक्ती हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, असे त्यांनी सांगितले. जर्मनीत जन्मलेल्या मुलांना त्यांचा खरा नेता कोण, हे ऐकवायला आलेला तो नेता होता. त्यानंतर सहा महिन्यांनी नगरपरिषदेत चर्चा झाली, ती बव्हंशी मिनारांच्या उंचीची आणि वाहनतळाची.

२०१६ मधील तुर्कस्तानातील फसलेल्या उठावानंतर दितिबच्या काही इमामांनी गुलेन यांच्या अनुयायांची माहिती तुर्की अधिकाऱ्यांना पुरविल्याचे उघड झाले. फौजदारी तपास डिसेंबर २०१७ मध्ये थांबला, परंतु विश्वास गेला तो गेलाच. २९ सप्टेंबर २०१८ रोजी मशिदीचे औपचारिक उद्घाटन झाले, ते राष्ट्राध्यक्ष झालेल्या एर्दोगान यांच्याच हस्ते. शहराच्या महापौर हेन्रिएट रेकर आणि प्रांताचे मुख्यमंत्री आर्मिन लाशेट हजर राहिले नाहीत. ज्या श्राम्मा यांनी स्वपक्षाचा रोष पत्करून मशिदीची बाजू लढविली, त्यांनीही समारंभाच्या एकूण पद्धतीवर उघड नाराजी व्यक्त केली. ज्या शेजाऱ्यांनी २००८ साली रस्त्यावर उतरून या समाजाची पाठराखण केली, त्यांच्यासाठी पोलिसी कुंपणापलीकडची जागा होती.

येथे तुर्क समाजाचीही बाजू ऐकायला हवी. १९९३ साली झोलिंगेन येथे त्यांच्यातील पाच जणी घराला लावलेल्या आगीत मृत्युमुखी पडल्या. जून २००४ मध्ये कोलोनच्याच कोइप्श्ट्रासे या तुर्की बाजारपेठेत नवनाझींनी खिळ्यांचा बॉम्ब फोडला, बावीस जण जखमी झाले आणि पोलीस कित्येक वर्षे संशय घेत राहिले तो जखमींच्याच नातेवाइकांवर. ज्या राज्याने असे वागविले, त्याच्यापेक्षा अंकारा जवळचा वाटला, तर तो दोष एकट्या तुर्काचा नाही. स्विस जनतेने नोव्हेंबर २००९ मध्ये ५७.५ टक्के मतांनी नवे मिनार बांधण्यावर घटनात्मक बंदी घातली, तेव्हा देशभरात मिनार होते अवघे चार! त्या बंदीने एकाही मशिदीच्या हिशेबाची वही उघडली नाही की एकाही खुत्ब्याची भाषा बदलली नाही.

कोलोनने निदान उशिरा का होईना, योग्य दार ठोठावले. बांग बाहेर ऐकू जाणार नाही, असे आश्वासन बांधकामाच्या वेळी देण्यात आले होते. २०२१ मध्ये महापालिकेनेच ते सैल केले आणि ऑक्टोबर २०२२ पासून शुक्रवारी दुपारी, पाच मिनिटांपर्यंत, आवाजाची मर्यादा पाळून, ती दिली जाऊ लागली. त्यावर पुन्हा लेख आले, वाद झाले. त्या मानाने डिसेंबर २०२३ मधील घोषणेची चर्चा थोडी झाली. तुर्कस्तानातून इमाम पाठविण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायची आणि दरवर्षी शंभर इमाम जर्मनीतच शिकवून तयार करायचे, असे जर्मन गृहखाते, दितिब आणि दियानेत यांच्यात ठरले. कामगार आणण्याचा करार होऊन तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती आणि पहिल्या पाहुण्यांची नातवंडे स्वतः आईबाप झाली होती.