माळ्यावरची पेटी आणि परदेशातील विद्या

आमच्या दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात मागे एकदा मोठा वाद माजला होता. वाद वाटणीचा नव्हता, सोयरिकीचाही नव्हता. तो होता इतिहासाचा. वाड्यातील थोरल्या घरची नात बी. ए. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने घरात जाहीर केले, ‘‘मी पुढचा इतिहास शिकायला इंग्लंडला जाणार.’’ संगणकशास्त्रासाठी, औषधनिर्माणासाठी, व्यवस्थापनासाठी परदेशी गेलेली मुले या वाड्याने पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना निरोप देताना कोणाच्या कपाळावर आठी उमटली नव्हती. परंतु इतिहासासाठी परदेश, हे ऐकून घरातील सर्वच मंडळी अवाक् झाली.

वडिलांनी सरळ विचारले, ‘‘इतिहासावर पोट कसे भरणार?’’ आजोबांचा प्रश्न याहून तिखट होता. ‘‘आपला इतिहास शिकायला त्यांच्या दारी कशाला जायचे? राजवाडे गेले होते का विलायतेला शिकायला? नानासाहेब सरदेसायांनी रियासत लिहायला घेतली ती याच गावात, महाराजांच्या नोकरीत असताना!’’ दोन्ही प्रश्न योग्य होते. मी जन्मभर शिक्षकी केलेला शेजारी; म्हणून पंच म्हणून मला बोलावणे आले. त्या बैठकीत जे बोललो आणि पुढे जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. असा प्रश्न आज केवळ एकाच घरात उभा राहात नसणार.

प्रथम आजोबांचा प्रश्न घेऊ. ‘त्यांच्या दारी’ जावे लागते याचे पहिले कारण अगदी रोकडे आहे. आपले निम्मे कागद त्यांच्या घरी आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ईस्ट इंडिया कंपनी व इंडिया ऑफिस यांचे जे दप्तर आहे, ते फडताळांवर मांडले असता सुमारे १४ किलोमीटर लांबीचे भरते. आपल्या बडोद्याचेच पाहा. १८०२ साली येथे कंपनीचा रेसिडेंट म्हणून कर्नल वॉकर आला. त्याचे खासगी कागदपत्र आज एडिंबरोत, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. गायकवाडी दरबारात तेव्हा काय शिजत होते, याची एक बाजू आपल्या दप्तरात सापडेल आणि दुसरी तेथे. एकच बाजू ऐकून निवाडा करणाऱ्या पंचाला आपण काय म्हणतो?

परंतु कागद हे खरे कारण नव्हे. ते हल्ली छायाचित्रांच्या रूपाने काही प्रमाणात घरबसल्याही पाहता येतात. खरे कारण आहे तेथील अध्यापनाची रीत. आपल्याकडे इतिहासाचा विद्यार्थी बहुधा ऐकतो, टिपून घेतो आणि परीक्षेत लिहितो. ऑक्सफर्डमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला ग्रंथांची यादी देतात व एक प्रश्न देतात. त्याने आठवडाभरात वाचून निबंध लिहावयाचा आणि एकट्याने, फार तर दोघातिघांनी, अध्यापकासमोर बसून त्याचे समर्थन करावयाचे. सत्र अवघे आठ आठवड्यांचे. पण दर आठवड्याला हा प्रसंग ठरलेला. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न तेथे उद्धटपणाचा मानला जात नाही. किंबहुना तो न विचारणे हाच उणेपणा.

दुसरी रीत जर्मनीची. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये रांके या इतिहासकाराने निवडक विद्यार्थ्यांना भोवती बसवून मूळ कागदांची चिकित्सा करण्याचा परिपाठ घातला. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, लिहिणाऱ्याचा त्यात कोणता स्वार्थ होता, तो घटनास्थळी होता की ऐकीव सांगत होता, अशी ती उलटतपासणी. हीच ‘सेमिनार’ची पद्धत पुढे अमेरिकेत गेली. १८७६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ती तेथे रुजविली.

या सेमिनारशी बडोद्याचे नाते आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन एका तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तथापि इतिहासाचे अभ्यासक्रमही त्यांनी घेतले होते आणि १९१५ साली एम. ए. साठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर या अध्यापकांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जातीचा दाह ज्याने अंगावर सोसला, त्याने त्या विषयाची दूरस्थ, शांत, पुराव्यानिशी चिकित्सा करून दाखवावी, यात त्या माणसाचे सामर्थ्य तर आहेच. पण तसे करण्यास जागा देणाऱ्या त्या मेजाचेही काही श्रेय आहे. हेच डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा या गावात त्यांना धड राहावयास जागा मिळाली नाही. शिष्यवृत्तीचा अभिमान सांगताना हाही आपल्याच गावचा इतिहास आहे, हे विसरून चालणार नाही.

आजोबा ऐकत होते. म्हणाले, ‘‘ते ठीक. पण आपल्या मराठ्यांचा इतिहास परके लोक आपल्याला काय शिकवणार?’’

मी त्यांना ‘फितवा’ या शब्दाचे उदाहरण दिले. आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो. फितवा म्हणजे घात, बेइमानी. आंद्रे विंक या डच अभ्यासकाने अठराव्या शतकातील मराठी स्वराज्यावर प्रबंध लिहिला. तो १९८६ साली केंब्रिजने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याने या शब्दावरच बोट ठेवले. शत्रूच्या गोटातील असंतुष्टांना आपलेसे करणे, वतनाची हमी देऊन जोडून घेणे, हा त्या काळी राज्य वाढविण्याचा नित्याचा मार्ग होता. तो अपवाद नव्हता, असे त्याचे प्रतिपादन. ते सर्वांना मान्य झाले असे नाही; त्यावर टीकाही झाली. परंतु जो शब्द आपण रोज उच्चारतो, त्याच्याकडे असे पाहता येते, हे आपल्याला सुचले नव्हते. घरातल्या माणसाला जी भिंत दिसेनाशी झालेली असते, ती पाहुण्याला पहिल्याच दिवशी दिसते.

हिरोशी फुकाझावा हे जपानी विद्वान मराठी कागद वाचून आपल्या खेड्यांतील बलुतेदारीवर लिहीत. त्यांच्या लेखांचा संग्रह १९९१ साली इंग्रजीत निघाला. टोकियोच्या माणसाला आपल्या गावच्या सुतार-लोहारांचे कुतूहल वाटते. आपल्यापैकी किती जण जपानच्या वा ब्राझीलच्या इतिहासाचे अभ्यासक झाले? परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांनी केवळ आपलाच इतिहास शिकावा, हाही हट्ट नसावा.

येथवर आमची बैठक झाली आणि निर्णय न होता मोडली. निर्णय झाला तो पुढे, एका पत्राने. मुलीने तेथील एका अध्यापिकेस आपली इच्छा कळविली होती. उत्तर सौजन्याचे होते, पण त्यात दोन प्रश्न होते: मोडी वाचता येते काय? फारसी किती येते? मुलीचे इंग्रजी उत्तम. मराठी घरात बोलतो तशी. मोडीचे अक्षरही ओळखीचे नाही. तिचा चेहरा उतरला.

आणि आजोबांचा उजळला! त्यांचे वडील संस्थानच्या दप्तरात कारकून होते. मुलाला मोडी यावी म्हणून त्यांनी लहानपणी रोज पाटीवर कित्ता गिरवून घेतलेला. माळ्यावर पितळी कड्यांची एक पेटी होती. तिच्यात रुमालात बांधलेले कागद. दसऱ्याला तिची पूजा होई, उघडली मात्र कधी जात नसे. तिच्यात पानिपतावर पूर्वजाने गाजविलेल्या शौर्याबद्दल मिळालेली इनामाची सनद आहे, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. दमाजीराव गायकवाड पानिपतावर होते, हे इतिहासाला ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर आपलाही पूर्वज होता, ही घराची श्रद्धा.

त्या पावसाळ्यात आजोबा-नातीची शाळा भरू लागली. मोडीत आधी रेघ ओढावयाची आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांमध्ये अंतर नाही. शब्द कोठे तुटतो, हे भाषा आतून येत असेल तरच कळते. पुस्तकाने अक्षर शिकविले, पण ‘दरमाहे दरसदे’ म्हणजे महिन्याला शेकडा व्याज, हे आजोबांनीच सांगितले. त्यांची दृष्टी अधू झालेली. म्हणून मुलगी कागदाचे छायाचित्र मोठे करून त्यांना दाखवी. चार महिन्यांनी तिने लाल रुमालातील तो मुख्य कागद वाचावयास घेतला.

ती सनद नव्हती. तो कर्जरोखा होता. ‘सन सितैन मया व अलफ, छ ७ रजब’ अशी मिती होती. अरबीत सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. सुहूर सन ११६०. हिशेब केला तेव्हा इसवी सन १७६० चा फेब्रुवारी निघाला. भाऊसाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले, त्याच्या थोडेच आधी. पूर्वजाने सावकाराकडून घोड्यासाठी रुपये घेतले होते आणि राहते घर गहाण लिहून दिले होते. शौर्याचा शब्द नाही, इनामाचा नाही. पानिपताचे नावही नाही.

आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मुलगी घाबरली. मला म्हणाली, ‘‘काका, मी वाचायलाच नको होते का?’’ मी तिला म्हटले, ‘‘आता तुझा खरा अभ्यास सुरू झाला.’’ बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराला मात्र स्वतःचा घोडा आणावा लागे. घोडा मेला की शिलेदार बुडाला. मोहिमेच्या तोंडावर घर गहाण टाकून घोडा घेणारा तो माणूस कदाचित पानिपतास गेला असेल, कदाचित नसेल. परंतु सनदेतला तो वीर आपल्याला केवळ नमस्कार करण्याजोगा होता. कर्जरोख्यातला हा माणूस रात्री झोपला असेल का, असे मनात येते. तिसऱ्या दिवशी आजोबांनी नातीला हाक मारली आणि एवढेच म्हणाले, ‘‘त्याने कर्ज फेडले की नाही, ते शोधून काढ.’’

राहता राहिला वडिलांचा प्रश्न. त्याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. इंग्लंडात एम. ए. एका वर्षाचे, त्यापुढे संशोधनाची पदवी तीन-चार वर्षांची. अमेरिकेत आधी अभ्यासक्रम, मग कसून परीक्षा, मग प्रबंध, असा सहा-सात वर्षांचा प्रपंच. मात्र चांगल्या विद्यापीठांत तेथे बहुधा शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते, त्याबदल्यात शिकवावे लागते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना शिकवणीचे शुल्क नाही. परंतु दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे, तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना पदवी-पदव्युत्तर अभ्यासासाठी २०१७ पासून सत्राला १,५०० युरो आकारू लागले. ऱ्होड्स, कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू या शिष्यवृत्त्या आहेत. १८९२ पासूनची जे. एन. टाटा निधीची कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून मात्र २०२२ साली भारताचा इतिहास व संस्कृती यांवरील संशोधनविषय वगळण्यात आले. म्हणून अर्जापूर्वी त्या त्या वर्षाचे नियम बारकाईने वाचावेत. आणि प्राध्यापकाच्या जागा २००८ नंतर अमेरिकेतही फार आटल्या आहेत. कर्ज काढून इतिहास शिकू नये, शिष्यवृत्ती मिळाली तरच जावे, असे माझे मत मी वडिलांना सांगितले. पूर्वजाच्या रोख्याचा दाखला जवळच होता! मुलीला पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी मिळाली. मधले वर्ष तिने मोडी पक्की करण्यात आणि फारसीचा श्रीगणेशा करण्यात घालविले. ते वाया गेले असे आज घरात कोणी म्हणत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत, अशी एखादी पेटी असेल. तिची पूजा जरूर करा. पण ती उघडाही. कागद कोरड्या जागी ठेवा, त्यांना चिकटपट्टी लावू नका. घरात मोडी जाणणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याजवळ नातवंडांना बसवा. नसतील, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांना विचारा. परदेशातील विद्यापीठ प्रश्न कसा विचारावा हे शिकवील. ज्या भाषेत त्याचे उत्तर लिहिलेले आहे, ती शिदोरी मात्र घरूनच न्यावी लागते.

हल्ली रविवारी सायंकाळी आजोबा दूरध्वनीच्या पडद्यासमोर एकेक कागद धरून बसतात. कर्जफेडीची पावती अजून सापडलेली नाही. पेटीत अद्याप तीन रुमाल शिल्लक आहेत.